राऊचा प्लॉट आणि फार्म.डी.ची पाटी

इंदूरच्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. नाव-गाव गाळून त्याचा मतलब असा: ताई शाळेत शिकवतात, त्यांचे मिस्टर पीथमपूरला औषध कंपनीत क्वालिटी अ‍ॅश्युरन्समध्ये आहेत. मुलगी यंदा बायो घेऊन बारावी झाली. नीटमध्ये सरकारी एमबीबीएसपर्यंत नंबर लागला नाही, पुन्हा बसायची तिची इच्छा नाही, म्हणून फार्मसी ठरलं. शहरातल्या एका जुन्या कॉलेजात बी.फार्म.ची जागा मिळते आहे, फी झेपण्यासारखी आहे. शहराबाहेरच्या एका खाजगी विद्यापीठात फार्म.डी., म्हणजे डॉक्टर ऑफ फार्मसी, मिळते आहे. तिथली फी जवळजवळ तिप्पट, पण गेटवर ‘इंटरनॅशनली अ‍ॅक्रेडिटेड’ अशी पाटी आहे आणि प्रवेश विभागातले सर म्हणाले, ‘आमची डिग्री अमेरिका, कॅनडा, दुबई, सगळीकडे डायरेक्ट चालते.’ टोरांटोत आयटीत असलेला भाचाही म्हणतो, इकडे फार्मासिस्टला मान आहे, पाठवून द्या. फीसाठी इंदूरजवळच्या राऊ गावातला प्लॉट विकायचा विचार आहे, सासूबाईंना ते पसंत नाही. ताईंचा प्रश्न आहे: ‘आंतरराष्ट्रीय मान्यतेचं कॉलेज सोडलं तर उद्या मुलगी आम्हाला दोष देईल का? आणि साध्या बी.फार्म.ला बाहेर काही किंमत असते का?’ मुलीबद्दल पत्रात दोनच वाक्यं आहेत. ‘ती म्हणते, तुम्ही ठरवाल ते.’ आणि, ‘तशी हुशार आहे, आजीच्या बीपीच्या दोन वेगळ्या नावांच्या गोळ्यांत एकच औषध आहे हे तिनेच पकडलं.’

ताई,

तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तुमच्या घरीच आहे. आज मिस्टर पीथमपूरहून आले, चहा झाला, की त्यांना एवढं विचारा: तुमच्या प्लांटला मध्य प्रदेशच्या औषध प्रशासनाचं लायसन्स आहे, चांगल्या उत्पादन पद्धतीचं डब्ल्यूएचओ-जीएमपी सर्टिफिकेट फ्रेम करून लावलं आहे, मग तुमची गोळी उद्या शिकागोच्या दुकानात ठेवता येईल का? ते नाही म्हणतील. अमेरिकेत विकायची तर त्या औषधाला तिथल्या औषध प्रशासनाची, यूएसएफडीएची, वेगळी मंजुरी लागते, त्यांचे इन्स्पेक्टर स्वतः येऊन बॅच रेकॉर्ड चाळतात, आणि युरोपवाले पुन्हा आपल्या पद्धतीने बघतात. एका देशाचा कागद दाखवला म्हणून दुसरा देश दार उघडत नाही. पीथमपूरच्या कुठल्याही शॉप फ्लोअरवर हे माहीत असतं. पण जी गोष्ट औषधाच्या बाबतीत आपण गृहीत धरतो, ती औषध देणाऱ्या माणसाच्या बाबतीत विसरून जातो. गोळीसारखंच फार्मासिस्टलाही प्रत्येक देश स्वतः तपासून घेतो.

तेव्हा ‘सगळीकडे डायरेक्ट चालते’ हे वाक्य आधी मनातून काढून टाका. भारतातली अशी एकही फार्मसीची डिग्री नाही, की जी घेऊन अमेरिकेत किंवा कॅनडात उतरावं आणि दुसऱ्या दिवशी काउंटरमागे फार्मासिस्ट म्हणून उभं राहावं. हे सांगणाऱ्या सरांना कदाचित स्वतःलाही माहीत नसेल. पण त्यांच्या शब्दावर तुम्ही जमीन विकायला निघाला आहात, म्हणून मला हे इतकं ठासून सांगावं लागतं आहे.

आपल्याकडे ‘मान्यता’ हा एकच शब्द निरनिराळ्या गोष्टींना लावतात आणि घोळ तिथेच होतो. जिच्याशिवाय बाकी सगळं फुकट, ती मान्यता फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाची, म्हणजे पीसीआयची. १९४८च्या फार्मसी कायद्याच्या कलम १२ खाली ती मिळालेली असेल, तरच तिथून पास झालेल्या मुलाचं नाव राज्याच्या फार्मासिस्टांच्या रजिस्टरमध्ये चढतं. यातही एक बारकावा आहे. नव्या कोर्सला आधी फक्त तो चालवायची परवानगी मिळते, कलम १२ ची पक्की मंजुरी पुढे, पहिली बॅच शेवटाकडे आली की. त्या विद्यापीठातली फार्म.डी. किती वर्षं चालू आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत. तिथून किती बॅच बाहेर पडल्या, हा पहिला प्रश्न विचारा. पीसीआयच्या वेबसाइटवर मंजूर कॉलेजांची यादी असते, त्यात कोर्सचं नाव आणि मंजुरीचं वर्ष दोन्ही बघा.

मग नॅक, ती संस्थेची प्रतवारी करते. एनबीए एकेका कोर्सची पारख करते. इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण हे वाक्य तुम्हाला कुणीतरी ऐकवेल: ‘एनबीए आहे म्हणजे वॉशिंग्टन अकॉर्ड, म्हणजे जगभर मान्य.’ एनबीए २०१४ साली वॉशिंग्टन अकॉर्डची कायम सदस्य झाली हे खरं आहे. पण तो करार इंजिनिअरिंगच्या डिग्र्यांचा. फार्मसीच्या मुलीला त्याचा काडीचा उपयोग नाही.

परदेशी नावांत खरं वजन आहे ते अमेरिकेच्या एसीपीईला. १९३२ पासूनची संस्था आहे, अमेरिकेतल्या फार्म.डी. कोर्सेसना तीच मान्यता देते, आणि २०११ पासून इतर देशांतल्या कोर्सेसचंही परीक्षण करते. ते परीक्षण सोपं नसतं. ज्या कॉलेजने ते पार केलं असेल, तिथे शिकवण्याकडे लक्ष आहे असं मी बेधडक म्हणेन. पण ती मान्यता मिळाली म्हणून अमेरिकेत लायसन्स मिळण्याचा हक्क येत नाही, हे एसीपीई स्वतःच सांगते. तिथल्या पदवीधरालाही बाहेरून आलेल्यांच्याच रांगेत उभं राहावं लागतं. बाकी आयएसओचा शिक्का कारभाराच्या पद्धतीबद्दल असतो आणि परदेशी विद्यापीठाशी केलेला एमओयू म्हणजे दोन संस्थांमधला सामंजस्याचा कागद. तुमच्या गेटवरच्या पाटीमागे यातलं नेमकं काय आहे, ते पत्रावरून कळत नाही. तुम्हालाही कुणी सांगितलेलं दिसत नाही.

म्हणून कॉलेजला एक ईमेल करा आणि उत्तर लेखी मागा. मान्यता कुठल्या संस्थेने दिली, पूर्ण विद्यापीठाला की फार्म.डी.ला, कधी दिली आणि कधीपर्यंत आहे. उत्तरात जे नाव येईल त्या संस्थेच्या स्वतःच्या वेबसाइटवर जाऊन यादीत हे कॉलेज सापडतं का ते पाहा. सापडलं नाही, किंवा ‘प्रत्यक्ष भेटायला या, समजावून सांगतो’ एवढंच उत्तर आलं, तर मी असेन तर तो विषय तिथेच सोडीन.

आता देशांकडे वळू या, कारण तुमचा दुसरा प्रश्न तिथे सुटतो. अमेरिकेत बाहेरच्या फार्मसी पदवीधरांची तपासणी एनएबीपी नावाची संस्था करते. तिचा नियम असा, की १ जानेवारी २००३ नंतर पास झालेल्याचा फार्मसीचा अभ्यासक्रम किमान पाच वर्षांचा हवा. आपली बी.फार्म. चार वर्षांची, तिथेच अडते. २००८ साली पीसीआयने सुरू केलेली फार्म.डी. सहा वर्षांची, इंटर्नशिप धरून, म्हणून ती त्या चौकटीत बसते. बसते म्हणजे काय, तर एफपीजीईई नावाच्या परीक्षेला बसायची पायरी मिळते. त्याशिवाय इंग्रजीची परीक्षा, मग एखाद्या राज्यात ठरलेल्या तासांची इंटर्नशिप, मग लायसन्ससाठीची नॅप्लेक्स परीक्षा आणि कायद्याचा पेपर. त्यावर व्हिसाचा प्रश्न वेगळाच.

या पाच वर्षांच्या नियमाशी माझी एक जुनी बोच जोडलेली आहे. मी अठ्ठावीस वर्षं फार्मसी शिकवली. माझ्या वर्गातला एक मुलगा बी.फार्म. करून एम.फार्म. झाला. चार अधिक दोन सहा, म्हणजे आपलं काम झालं, असा त्याचा हिशेब. लग्नानंतर बायकोबरोबर न्यू जर्सीला जायचं ठरलं तेव्हा त्याला कळलं की एम.फार्म.ची वर्षं त्या पाचांत धरत नाहीत. वहीचं एक पान भरून त्याने माझ्यासमोर बेरजा केल्या होत्या. आज तो एका कंपनीत रेग्युलेटरी अफेअर्समध्ये, म्हणजे औषधांच्या सरकारी मंजुऱ्यांच्या कामात, उत्तम चाललाय, तक्रार करत नाही. पण त्याला एम.फार्म.च्या आधी हे कुणीतरी सांगायला हवं होतं, आणि त्या कुणीतरीमध्ये मीही होते.

कॅनडाची गोष्ट निराळी आहे, आणि हे तुमच्या भाच्याला जरूर सांगा. तिथली फार्मासिस्टांची परीक्षा घेणारी संस्था, पीईबीसी, चार वर्षांची बी.फार्म. तपासायला घेते. आधी कागदपत्रांची छाननी, मग मूल्यमापनाची परीक्षा, मग पात्रता परीक्षेचे दोन भाग. त्यातल्या दुसऱ्या भागात समोर पेशंटची भूमिका करणारा माणूस बसवतात आणि तुम्ही त्याचं ऐकता कसं, त्याला समजावता कसं ते बघतात. त्यापुढे प्रांताच्या अटी, म्हणजे ट्रेनिंग, कायदा, भाषा. इमिग्रेशनसाठी डिग्रीची तुलना करून घ्यायची तर लोक सरसकट डब्ल्यूईएस या डिग्र्या तपासणाऱ्या संस्थेकडे धावतात, पण फार्मासिस्टचं ते काम पीईबीसीकडेच असतं. भाचा आयटीत आहे, त्याने एक उपकार करावा. घराजवळच्या फार्मसीत आपल्याकडून गेलेलं कुणी असेल तर त्यांना विचारावं, लायसन्स मिळेपर्यंत किती वर्षं गेली आणि तोवर काय काम केलं. त्या उत्तरातून माझ्या या लेखापेक्षा जास्त कळेल.

इंग्लंडला जायचं तर ओएसपीएपी नावाचा एक वर्षाचा कोर्स, मग ५२ आठवड्यांचं ट्रेनिंग, मग तिथल्या मुलांना असते तीच परीक्षा. तिथे बी.फार्म. झालेले आपले लोक दरवर्षी जातात. दुबईला आधी डेटाफ्लो नावाची कंपनी तुमच्या विद्यापीठाला आणि कौन्सिलला थेट विचारून कागद खरे आहेत का ते बघते, मग परीक्षा. ऑस्ट्रेलियात केप्स नावाची परीक्षा होती, आमची मुलं तिची पुस्तकं घेऊन बसायची. २०२५ मध्ये तिच्या जागी ओप्रा आली. हे मुद्दाम सांगते, कारण तुमची मुलगी फार्म.डी. होईल त्याला सहा वर्षं आहेत. तोवर यातल्या किती अटी आज आहेत तशाच राहतील? आजच्या नियमावर बेतून सहा वर्षांनंतरची दारं मोजणं धोक्याचं आहे.

तर साध्या बी.फार्म.ला बाहेर किंमत आहे का? आहे. अमेरिका सोडली तर बऱ्याच ठिकाणी आहे, आणि अमेरिकेतही लायसन्स न लागणाऱ्या कामांसाठी, संशोधन, रेग्युलेटरी, कंपन्यांतली नोकरी, यासाठी तिथे एम.एस. करायला बी.फार्म. घेऊन कितीतरी मुलं जातात. ‘साधी’ हा शब्द मात्र तुम्ही घरात वापरू नका. ज्या डिग्रीवर पीथमपूरच्या अर्ध्या लॅब चालतात तिला मुलीसमोर साधी म्हटलं आणि शेवटी तीच घ्यायची वेळ आली, तर ती पहिल्या दिवसापासून हरल्यासारखी कॉलेजला जाईल.

आणि आता मुलगी.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. फी, प्लॉट, भाचा, सासूबाई, गेटवरची पाटी, सगळं तपशिलात आहे. जिने सहा वर्षं शिकायचं तिला दोन ओळी आल्या आहेत. ‘तुम्ही ठरवाल ते’ हे अठरा वर्षांच्या मुलीचं उत्तर बहुतेक वेळा उत्तर नसतं. नीटचा निकाल लागून थोडेच दिवस झालेत. घरातले आधीच नाराज असतील, आता आपण कशाला तोंड उघडायचं, असं तिला वाटत असेल. परदेशी जायचं आहे का, हे तिला कुणी विचारलं का? तुमच्या पत्रात ‘बाहेर’ हा शब्द सात वेळा आहे आणि तो एकदाही तिच्या तोंडी नाही.

पण त्या दुसऱ्या ओळीने मला थांबवलं. आजीच्या दोन गोळ्या, दोन डॉक्टरांनी लिहिलेल्या असतील, नावं वेगळी, आतलं औषध एकच, आणि ते या मुलीने पट्टी उलटून बारीक अक्षर वाचून पकडलं. ताई, क्लिनिकल फार्मासिस्टचं काम हेच असतं. वॉर्डात फिरून कुणाला एकच औषध दोन नावांनी चाललंय, कुणाची किडनी खराब असताना डोस कमी केला नाही, कुणाला नव्या गोळीने पुरळ आलंय, हे बघायचं आणि डॉक्टरांना सांगायचं. फार्म.डी. त्यासाठीच आहे. तेव्हा असंही होऊ शकतं की फार्म.डी. हाच तुमच्या मुलीचा रस्ता असेल. पाटीशी त्याचा संबंध नाही. तिला माणसांच्या औषधात रस आहे की औषध बनवण्यात, एवढंच पाहायचं. बनवण्यात असेल, बाबांसारखं प्लांट आणि लॅब आवडत असेल, तर बी.फार्म. बरी. आणि आज ठरत नसेल तर बी.फार्म. करून पुढे तीन वर्षांची फार्म.डी. पोस्ट बॅकलॉरिएट करता येते, ते दार बंद होत नाही. त्या वाटेने अमेरिका गाठायची असेल तर मात्र एनएबीपीला आधी लिहून विचारायचं.

फार्म.डी. असेल तर कॉलेज कसं पारखायचं, ते सांगते. गेट बघू नका, हॉस्पिटल बघा. नियमाप्रमाणे फार्म.डी.ला ३०० खाटांचं हॉस्पिटल जोडलेलं लागतं, कॉलेजचं स्वतःचं किंवा कराराने. एका वर्गात जागा ३०. तर एखाद्या साध्या मंगळवारी, कुणाला न सांगता, मुलीला घेऊन त्या हॉस्पिटलात जा. ओपीडीत गर्दी आहे का? खाटांवर पेशंट आहेत का? चौथ्या-पाचव्या वर्षाची मुलं वॉर्डात दिसतात की कॉलेजच्या कँटीनमध्ये? दिसली तर त्यांच्याशी बोला, आणि बोलणं मुलीला करू द्या. राउंडला डॉक्टरांबरोबर जाता का, डॉक्टर कधी काही विचारतात का, औषधाचा दुष्परिणाम दिसला तर फॉर्म कोण भरतं. भारतात २०१० पासून त्यासाठी राष्ट्रीय फार्माकोव्हिजिलन्स कार्यक्रम चालू आहे. जिथे फार्म.डी.ची मुलं हे रिपोर्ट भरतात तिथे काहीतरी खरं शिक्षण चाललंय असं समजा. ज्या फार्म.डी.च्या मुलाने पेशंटशी कधी बोलूनच बघितलं नाही, तो कॅनडाच्या त्या परीक्षेत समोरच्या माणसापुढे काय बोलणार?

एक कडू गोष्टही सांगायला हवी. आपल्याकडे सरकारी दवाखान्यांत फार्म.डी.साठी वेगळी पदं अजून फारशी निघत नाहीत. मोठ्या खाजगी हॉस्पिटलांत क्लिनिकल फार्मासिस्ट घेतात, फार्माकोव्हिजिलन्स आणि क्लिनिकल ट्रायलच्या कंपन्या घेतात, पण सुरुवातीचा पगार पाहून पालक हबकतात. सहा वर्षं आणि तिप्पट फी यांच्याशी तो पगार ताडून बघा. विद्यापीठाकडे मागच्या दोन बॅचची मुलं कुठे लागली त्याची यादी मागा आणि त्यातल्या दोघा-तिघांशी स्वतः बोला.

आता प्लॉट. सासूबाई नाही म्हणतात त्याचं कारण काहीही असो, या वेळी माझं मत त्यांच्या बाजूला आहे. परदेशाचा खर्च डिग्रीनंतर सुरू होतो. कागदपत्रं, परीक्षा, त्यासाठी प्रवास, इंग्लंडचं ते एक वर्ष, लायसन्स मिळेपर्यंत तिथलं राहणं-खाणं, हे बिल सहा वर्षांनी हातात येतं. प्लॉट आज फीसाठी गेला तर त्या दिवशी काय काढणार? खरोखर बाहेर पाठवायचं मनात असेल, तर जमीन तेव्हासाठी राखा. हॉस्पिटल पाहून फार्म.डी.च ठरली, तर फी वर्षावर्षाने भरायची असते, बँकेचं शैक्षणिक कर्ज मिळू शकतं, आणि जवळपास दुसरीकडे कमी फीची, चांगल्या हॉस्पिटलची फार्म.डी. आहे का हेही शोधायला हवं. तीही तुम्ही पाहिलेली दिसत नाही.

कुठलाही कोर्स घेतला तरी काही कामं आजपासून करायची आहेत, आणि ही तुमच्यासारख्या सगळ्याच घरांसाठी सांगते. पहिलं नावाचं. आपल्या मध्य प्रदेशातल्या मराठी घरांत हा गोंधळ फार होतो. दहावीच्या मार्कशीटवर नाव आणि आडनाव, आधारवर मधे वडिलांचं नाव, पासपोर्टवर स्पेलिंग तिसरंच. परदेशी तपासणीत फाइल इथेच महिनोन्‌महिने अडकते. तिन्ही कागद आताच एकसारखे करून घ्या. दुसरं, दर वर्षीचा सिलॅबस, विद्यापीठाच्या शिक्क्यासह, जपून ठेवायचा. सात वर्षांनी तो मागतात तेव्हा कॉलेजात कुणाला सापडत नाही. तिसरं, पास झाल्याबरोबर भोपाळला मध्य प्रदेश फार्मसी कौन्सिलमध्ये रजिस्ट्रेशन. पुष्कळ मुलं म्हणतात, मला दुकान कुठे टाकायचंय. पण आपल्याच देशात तुम्ही रजिस्टर्ड फार्मासिस्ट आहात का, हे इंग्लंडसारखे देश आधी विचारतात. अपोस्टिल, म्हणजे परदेशासाठी कागद खरा असल्याचा सरकारी शिक्का, आणि दूतावासाचे शिक्के नंतर बघता येतात, त्याची आत्ता चिंता नको. एजंटाच्या हातात मूळ मार्कशीट मात्र कधीही देऊ नका.

उद्या मुलगी दोष देईल का, हे तुम्ही विचारलंत. तिला या सगळ्यातून बाहेर ठेवलंत तर दोन्ही बाजूंनी देऊ शकेल. म्हणून कॉलेजला जाणारा तो ईमेल तिला लिहायला लावा. पीसीआयची यादी तिला उघडू द्या, पीईबीसीच्या आणि एनएबीपीच्या अटी तिला वाचू द्या. आजीच्या पट्टीवरचं बारीक अक्षर जिने वाचलं, तिला हे जड जाणार नाही. मंगळवारी हॉस्पिटल बघून परत येताना राजवाड्याजवळ कुठेतरी बसा, दोघीच, आणि तिला वॉर्डात काय वाटलं ते विचारा. पहिलं उत्तर पुन्हा ‘तुम्ही ठरवाल ते’ असंच येईल. थोडं थांबा, दुसरं येतं.

काउन्सेलिंगची तारीख जवळ आली असेल तर बी.फार्म.ची जागा सोडू नका, ती हातात ठेवून हे सगळं करा. विद्यापीठाकडून लेखी उत्तर आलं की मला पाठवा, मी ओळ न्‌ ओळ वाचून कळवीन.